दाताच्या दवाखान्यात नव्याने लागलात? पेशंटची भीती उतरवायची ती अशी

बीडीएस संपवून कुणाच्या तरी दवाखान्यात हाताखाली काम करू लागलेले तरुण डॉक्टर, आणि फोन, काउंटर, ट्रे, सक्शन (तोंडातलं पाणी ओढणारी नळी) असं सगळं सांभाळणाऱ्या मदतनीस मुली, या दोघांसाठी हे सोलापुरातून लिहितोय. कॉलेजात भुलीचा डोस पाठ होतो. पण सुई बघून ज्याच्या कपाळावर घाम फुटलाय त्याच्याकडून तोंड कसं उघडून घ्यायचं, ते शिकायला तिथं फारसा वेळ मिळत नाही. मग पहिल्या महिन्यात सगळे एकच वाक्य वापरतात: "घाबरू नका, काही होत नाही." या वाक्याने आजवर कुणाची भीती गेलेली नाही.

दुखण्याची भीती असतेच. तिला खतपाणी घालतात त्या दोन गोष्टी. एक, आता पुढं काय होणार हे माहीत नसणं. दुसरी, तोंड उघडं टाकून आडवं पडल्यावर आपल्या हातात काहीच नसणं. खाली सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टी कमी करण्यासाठीच आहेत, आणि त्यातल्या निम्म्या पेशंट खुर्चीवर बसायच्या आधीच्या आहेत.

पहिली पायरी: फोन आणि काउंटर

फोनवर वेळ देताना तीन गोष्टी विचारा. जेवून येणार का? बीपी, शुगर, हृदयाच्या गोळ्या चालू आहेत का? रक्त पातळ करायची गोळी घेता का? पहिला प्रश्न वरवरचा वाटतो, पण आपल्याकडं तो सगळ्यात महत्त्वाचा. "दात काढायचाय म्हणजे उपाशी पोटी जावं" असं समजून निम्मे लोक काही न खाता येतात. वरून एकादशी, श्रावणातला सोमवार, रोजा. पोट रिकामं, मनात भीती आणि बाहेर एप्रिल-मेचं सोलापूरचं ऊन असं जुळून आलं की माणूस इंजेक्शन घेताना डोळे फिरवणारच. जागा बधिर करून होणाऱ्या कामाला उपाशी राहायची गरज नसते, उलट हलकं खाऊन, नेहमीच्या गोळ्या घेऊनच यायला सांगा. रोजा असेल तर संध्याकाळी इफ्तारनंतरची किंवा ईदनंतरची वेळ सुचवा. उपास मोडावा की नाही हा त्यांचा प्रश्न आहे, त्यावर प्रवचन नको.

मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याहून एसटीने दुपारी आलेल्या माणसाला तसाच आत नेऊ नका. दहा मिनिटं पंख्याखाली बसू द्या, पाणी द्या. मात्र भित्र्या पेशंटला तासभर ताटकळत ठेवणं त्याहून वाईट. आतल्या मशीनचा आवाज ऐकत बसलेला माणूस दर पाच मिनिटांनी थोडा थोडा खचत जातो. ज्याची भीती फोनवरच कळली, त्याला दिवसातली पहिली वेळ द्या.

पैशाचंही इथंच बोलून घ्या. यंत्रमागावर काम करणारा कामगार किंवा विड्या वळणारी मावशी "नंतर येते" म्हणून उठते, तेव्हा दरवेळी सुईची भीती नसते. किती बिल होईल ही धास्ती असते आणि ती विचारायला लाज वाटते. आज काय करणार, त्याचे किती, पुढच्या वेळी काय आणि किती, हे कागदावर लिहून हातात द्या. झेपणार नसेल तर सिव्हिलच्या दंत विभागाचा किंवा केगावच्या दंत महाविद्यालयाचा रस्ता मोकळेपणाने सांगा. पेशंट हातचा जाईल ही काळजी करू नका, तो चार नवे पाठवतो.

दुसरी पायरी: भीती नेमकी कशाची?

याला शास्त्रीय मोजपट्टीही आहे. 'मॉडिफाइड डेंटल अँग्झायटी स्केल' म्हणून पाच प्रश्नांचा छोटा तक्ता असतो: उद्या दातांच्या डॉक्टरकडे जायचंय, बाहेर बाकावर बसलोय, दात कोरला जाणार आहे, दात साफ केले जाणार आहेत, हिरडीत इंजेक्शन देणार आहेत. प्रत्येक वेळी किती भीती वाटते त्याला १ ते ५ गुण. बेरीज ५ ते २५ मध्ये येते, आणि १९ किंवा त्याच्या वर गेली तर भीती नेहमीची नाही असं समजायचं. कागद भरून घेणं जमलं तर उत्तम. नाही तर गप्पांत विचारा: "काका, यातलं सगळ्यात नको काय वाटतं? सुई, मशीनचा आवाज, का आणखी काही?"

उत्तरं ऐकण्यासारखी असतात. एखाद्याला सुईचं काहीच वाटत नाही, पण तोंडात पाणी साचलं की गुदमरल्यासारखं होतं. एखादीला लवंग तेलाच्या वासानंच लहानपणी धरून काढलेली दाढ आठवते. "वरचा दात काढला की डोळे जातात" हे तर तुम्हाला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळेल. हसू नका. डोळ्याने दिसतं ती नस वेगळी आणि वरच्या दातांना जाणारी नस वेगळी, हे हाताने दाखवून सांगा. ज्या वयात दात जातात त्याच वयात मोतीबिंदूही येतो, म्हणून लोकांनी दोन्हीची गाठ घातली, एवढं बोललं की बहुतेकांना पटतं. "साफ केल्यावर दात हलायला लागतात" याचंही तसंच. जो दगडासारखा थर दातांना धरून बसलेला असतो तो निघाल्यावर आधीच सैल झालेला दात सैल आहे हे कळतं, एवढंच.

"मला इंजेक्शनची ॲलर्जी आहे" म्हणणाऱ्याला तेव्हा नेमकं काय झालं होतं ते विचारा. बहुतेक जण चक्कर किंवा छातीत धडधड सांगतात. पण अंगावर गांधी, ओठ-चेहऱ्यावर सूज, श्वास लागणं यातलं काही निघालं तर पुढं जायचं नाही, ॲलर्जीची तपासणी आधी.

एक भीती मात्र पेशंट स्वतःहून कधीच बोलत नाही. गुटखा, मावा खाणाऱ्याचं तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं. त्याला आरशात पांढरट चट्टे दिसलेले असतात. तो येतो दाढ दुखते म्हणून आणि डोळे मात्र तुमच्या चेहऱ्यावर, हा डॉक्टर 'तो' शब्द उच्चारतो का हे बघत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, हे त्याला तुमच्याइतकंच माहीत आहे. पुड्या कुठं मिळतात हेही. पहिल्या भेटीत तासलंत की तो परत येत नाही, आणि परत न आलेल्या माणसाचा चट्टा तपासायचा राहून जातो. मिश्री लावणाऱ्या बायकांचंही हेच. आधी दाढेचं दुखणं थांबवा. मग जे दिसतंय ते शांतपणे सांगा, तपासणी का करायची ते सांगा, आणि पुढची तारीख त्याच दिवशी ठरवून द्या.

तिसरी पायरी: खुर्चीवर, पण अजून हत्यार नाही

आधी मास्क खाली करून बोला. याला आपल्या गावात आणखी एक कारण आहे. यंत्रमागाच्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहिलेल्यांचे कान कमी झालेले असतात. ते समोरच्याचे ओठ बघून समजून घेतात आणि मास्कमागून बोललेलं अर्धं सुटतं. "एवढ्या आवाजात काम करणाऱ्याला आमच्या मशीनचं काय?" असंही समजू नका. माग बंद करायचं बटण त्याच्या हाताशी असतं, इथं ते तुमच्या पायाखाली असतं.

म्हणून ते बटण त्याला द्या. "डावा हात वर केलात की मी थांबणार." डॉक्टर उजवीकडं बसतो म्हणून डावा हात, नाहीतर उगारलेला हात थेट हत्याराला लागेल. हे सांगून सोडू नका. काम सुरू व्हायच्या आधी एकदा करून बघायला लावा आणि खरोखर थांबून दाखवा. मधे एकदा जरी हात वर असताना "झालंच, झालंच" म्हणत काम रेटलंत, तर पुढं त्या हाताला काही अर्थ उरत नाही.

मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी असं सगळं बोलणाऱ्या गावात या हाताच्या खुणेइतकं उपयोगी दुसरं काही नाही. तरी शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागात दवाखाना असेल तर चार शब्द शिकून ठेवाच. दुखण्याला तेलुगूत नोप्पि, कन्नडमध्ये नोवु. आज्जीच्या भाषेत प्रश्न आला की तिची मूठ सैल होते. भाषा जमतच नसेल तर सोबत आलेल्या लेकीला किंवा नातवाला समजावणं संपेपर्यंत आत थांबू द्या.

खुर्ची एकदम आडवी करू नका. "आता पाठ मागे जाईल" म्हणा आणि मग बटण दाबा. ट्रेवर फक्त आरसा आणि प्रोब (तपासायची बारीक टोकाची सळी) दिसू द्या, पक्कड आणि एलेव्हेटर (दात सैल करायचं हत्यार) झाकलेले. आधीच्या पेशंटचा रक्ताचा कापूस, थुंकलेलं बेसिन हे सगळं पुढचा माणूस आत यायच्या आधी साफ झालेलं हवं. हे काम मदतनीसाचं, आणि माझ्या मते भीती घालवण्यात डॉक्टरच्या गोड बोलण्यापेक्षा याचा वाटा मोठा आहे.

बीपी इथंच मोजा. घाबरल्यानेही ते चढतं, म्हणून जास्त आलं तर दहा मिनिटांनी पुन्हा. तरीही १८०/११० च्या वर असेल तर तातडीचं नसलेलं काम पुढं ढकला आणि त्याला त्याच्या डॉक्टरकडं पाठवा.

चौथी पायरी: भूल

सगळी इमारत या पाच-सात मिनिटांवर उभी असते, त्यामुळे इथं घाई करणारा डॉक्टर पुढचा तासभर भोगतो.

खोटं बोलायचं नाही. "सुई नाहीच, नुसतं औषध लावतोय" असं मोठ्या माणसालाही सांगणारे आहेत. टोचल्याक्षणी विश्वास जातो तो कायमचा. "जागा बधिर करतो, मुंगी चावल्यासारखं होईल, दहा सेकंद" हे खरं आहे आणि पुरेसं आहे. आकार दाखवून घाबरवायचीही गरज नाही. मदतनीसाने सिरिंज पेशंटच्या डोळ्यांसमोरून न नेता हनुवटीच्या खालून किंवा डोक्यामागून द्यावी. सुईला टोपण असतं तेव्हाच ती हातातून हातात जावी, हे सुरक्षेसाठीही.

हिरडी आधी कापसाने कोरडी करा, मग बधिर करणारं जेल लावा आणि एक-दोन मिनिटं थांबा. ओल्या हिरडीवर जेल लावून लगेच टोचलं तर ते लावलं न लावलं सारखंच. इंजेक्शन फ्रिजमधून काढून थेट वापरू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गाल किंवा ओठ ताणून धरा, सुई शिरताना तो हलकेच हलवा. आत गेल्यावर पिस्टन मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघा. मग हळू: १ मिली औषध जायला साधारण १ मिनिट. दुखतं ते टोचण्याने कमी आणि औषध जोरात ढकलल्याने जास्त.

आपल्याकडं भुलीसाठी सर्रास वापरतात त्या २ टक्के लिग्नोकेनमध्ये ॲड्रेनलिन असतं, बहुधा १:८०,००० प्रमाणात. त्याने काही जणांना मिनिट-दोन मिनिटं धडधडतं. घाबरलेल्या माणसाला वाटतं हा हार्ट ॲटॅक. आधीच सांगून ठेवलंत की "थोडं धडधडेल, दोन मिनिटांत बसेल" तर तेच धडधडणं तो निभावून नेतो. हृदयरोग्याला ॲड्रेनलिन किती आणि कोणतं, हे मात्र मुख्य डॉक्टरला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही.

आता थांबा. खालच्या दाढेची नस बधिर व्हायला पाच मिनिटं लागतात, कधी जास्त. ओठ जड झाला का, जिभेला मुंग्या आल्या का विचारा आणि प्रोबने तपासा. अर्धा ओठ सुन्न झाला की काही जण "तोंड वाकडं झालं, लकवा मारला" म्हणून घाबरतात. आरसा द्या, ओठ जागेवर आहे हे दिसतं.

पू झालेली, ठणकणारी दाढ भुलीला दाद देत नाही. सुजेच्या जागी आम्लता वाढलेली असते, त्यामुळे औषध नसेत नीट शिरत नाही. अशा वेळी "दुखणार नाही" असा शब्द आधी देऊन बसू नका. "लागलं तर हात वर करा, आणखी औषध देऊ, तरी नाही जमलं तर आज फक्त कळ कमी करून दोन दिवसांनी करू" असं सांगा.

पाचवी पायरी: काम चालू असताना

दाढ काढताना भूल कळ घालवते, दाब घालवत नाही. हा फरक आधी सांगितला नाही तर पेशंट दाबालाच दुखणं समजतो आणि तुम्ही "दुखायला नको खरं तर" म्हणत त्याच्याशी वाद घालत बसता. खांद्यावर बोट दाबून दाखवा: "एवढा दाब कळेल. आणि कट्‌ असा आवाज येईल, तो हाडाचा नाही, दात सुटल्याचा." हे तीन सेकंदांचं वाक्य मी कधी गाळत नाही.

एअरोटर, म्हणजे दात कोरायचं मशीन, तोंडात घालायच्या आधी बाहेर एकदा चालवून आवाज ऐकवा, नखावर पाण्याचा फवारा मारून दाखवा. काम छोट्या टप्प्यांत करा आणि टप्पा मोठ्याने मोजा: "दहापर्यंत म्हणतो, मग थांबतो." दहाला थांबाच. वीज गेली तर मशीन मधेच बंद पडतं आणि अंधारात तोंड उघडं ठेवून पडलेल्या माणसाला ते भयंकर वाटतं. इन्व्हर्टर असला तरी "लाइट गेली, काळजी नाही, मिनिटभर तोंड मिटा" हे सांगणारा आवाज लगेच यायला हवा, तोही मदतनीसाचा.

श्वास शिकवायचा तर सोपा: नाकाने चार अंक घेऊन सहा अंक सोडायचा. ज्यांना उलटीसारखं होतं त्यांनाही नाकाने श्वास घ्यायला लावा, हनुवटी जरा खाली आणि एक पाय उचलून धरायला सांगा. पायाकडं लक्ष गेलं की घसा विसरतो, निदान एक्स-रे किंवा माप घेण्यापुरता तरी. मोबाइलवर अभंग, कव्वाली, जुनी गाणी, ज्याला जे आवडेल ते कानात लावू द्या, पण एकाच कानात. दुसरा तुमच्यासाठी.

मुलं

मुलांचं तंत्र वेगळं नाही, फक्त कोवळं आहे. सांगा, दाखवा, मग करा. हे सूत्र १९५९ पासून बालदंतवैद्यकात चालत आलंय आणि अजून त्याहून चांगलं कुणाला सापडलेलं नाही. अडचण असते ती आईबापांची. "गप बस, नाहीतर डॉक्टर इंजेक्शन देतील" हे वाक्य बाहेरच्या बाकावर ऐकू आलं की मदतनीसाने तिथंच हसत अडवावं. "काही नाही करणार हं बाळा" हेही नको, कारण काहीतरी करायचंच असतं. पहिल्या भेटीत फक्त दात मोजा आणि घरी पाठवा. सकाळची, पोट भरलेली, झोप झालेली वेळ द्या. भूल दिली असेल तर ओठ-गाल चावून न घेण्याकडं आईला लक्ष ठेवायला सांगा, मुलं गंमत म्हणून चावतात आणि संध्याकाळी सुजलेला ओठ घेऊन परत येतात.

चक्कर आलीच तर

चेहरा पांढरा, घाम, जांभई, "कसंतरी होतंय". एवढं दिसलं की सगळी हत्यारं तोंडातून बाहेर. खुर्ची सपाट, पाय डोक्यापेक्षा वर, गळ्याजवळचं बटण सैल, पंखा. गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर. शुद्ध नसताना तोंडात पाणी, साखर, कांदा काही घालायचं नाही. साधी भीतीची चक्कर मिनिट-दोन मिनिटांत उतरते. पूर्ण सावध झाल्यावर साखरपाणी द्या, मधुमेही असेल तर आधी शुगर तपासा. दोन-तीन मिनिटांत शुद्ध आली नाही, छातीत दुखतंय म्हणाला, श्वास लागला, तर १०८ ला फोन. तो कोण करणार हे आधी ठरलेलं असावं. सगळे पेशंटभोवती आणि फोन कुणाच्याच हातात नाही, असं होतं.

भीतीने भराभर श्वास घेऊन बोटांना मुंग्या येणारे पेशंट वेगळे. त्यांना आडवं करायचं नाही, बसवून तुमच्याबरोबर सावकाश श्वास घ्यायला लावायचं.

गोळी आणि गॅस

काही भीती बोलून उतरत नाही. अशांसाठी झोप आणणारी गोळी, नाइट्रस ऑक्साइडचा गॅस, किंवा दवाखान्याबाहेर, हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञाच्या हाताखाली पूर्ण भूल हे मार्ग आहेत. गॅसमध्ये किमान ३० टक्के ऑक्सिजन कायम चालू ठेवतात आणि शेवटी नुसता ऑक्सिजन देऊन माणसाला सावध करून मगच उठवतात. याचं प्रशिक्षण आणि यंत्र नसेल तर नाव काढू नये. गोळी फक्त डॉक्टरने लिहून द्यायची, आणि त्या दिवशी सोबत माणूस हवा, गाडी चालवायची नाही. मदतनीसाने कुणालाही स्वतःहून गोळी देऊ नये. धीर यावा म्हणून थोडी 'घेऊन' येणारेही असतात. वास आला तर न रागावता दुसरी तारीख द्या, कारण दारूवर भूल आणि झोपेची गोळी दोन्ही भरवशाच्या नाहीत.

घरी जाताना

कापूस अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा, थुंकायचं नाही, त्या दिवशी जोरात चूळ नाही, तंबाखू-मिश्री अजिबात नाही. सुन्नपणा दोन ते चार तासांत जातो, तो उतरायच्या आधी दिलेली गोळी घ्यायची. खाण्याचं आपल्या गावाच्या हिशेबाने सांगा: कडक भाकरी आणि शेंगाचटणी चार-पाच दिवस बंद, कूट जखमेत जाऊन बसतं. गार दूध-भाकरी कुस्करून, दहीभात, वरणभात चालेल. चहा गरम नको. हे तोंडी सांगून पेशंट विसरतो, छापील चिठ्ठी द्या, शक्य असेल तर दोन भाषांत.

संध्याकाळी एक फोन करा. मदतनीसाने केला तरी चालतो. "रक्त थांबलं का, जेवलात का?" एवढंच.

आणि पेशंट गेल्यावर त्याच्या कार्डावर दोन ओळी लिहा, कारण पुढच्या वेळी खुर्चीजवळ कदाचित तुम्ही नसाल. "सुईचं भय नाही, पाणी साचलं की घाबरतात, सक्शन सतत ठेवणे. उजव्या कानाने कमी ऐकू येतं. सोबत सून येते, तिला आत घेणे. मागच्या वेळी उपाशी आले होते, फोनवर जेवणाचं विचारणे."